घरच्या संगणकावर ऑफिस कोणतं ठेवावं? पायरीपायरीनं निवड

नवा लॅपटॉप घेतला की दुकानदार बिल करता करता विचारतो, "ऑफिस टाकून देऊ ना?" आपण मान हलवतो आणि निवड तिथेच संपते. पेनड्राइव्हवरून जे टाकलं जातं ते बऱ्याचदा क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याशिवाय चालवलेलं असतं. काही महिन्यांनी वर लाल पट्टी येते, नाहीतर अँटिव्हायरस ओरडायला लागतो. याउलट काही घरांत वर्षाला चार पत्रं टाइप होतात आणि वर्गणी मात्र दरवर्षी खात्यातून आपोआप कापली जाते.

सगळ्यात चांगलं ऑफिस कोणतं, हा प्रश्न घरासाठी फारसा कामाचा नाही. पत्र लिहिणं, हिशोबाचा तक्ता, दहा-पंधरा स्लाइड ही कामं आज सगळ्यांत होतात. फरक पडतो दोनच गोष्टींनी. एक, तुमच्याकडे फायली कुठून येतात आणि तुम्ही त्या कुणाला पाठवता. दुसरी, मराठी मजकूर त्यात कसा वागतो. इंग्रजी तुलनांमध्ये ही दुसरी गोष्ट सापडणार नाही, म्हणून खाली तिला जास्त जागा दिली आहे.

पायरी पहिली: आधीच काय मिळालंय ते बघा

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपसोबत ऑफिसची कायमस्वरूपी प्रत येते: थोड्या जुन्या मशीनवर 'होम अँड स्टुडंट २०२१', नव्यावर 'होम २०२४'. खोक्यावर आणि बिलावर तसं छापलेलं असतं. तरीही कित्येक लोक तिचा पत्ता नसल्यामुळे वेगळी वर्गणी भरतात. वर्ड उघडा, 'फाइल' आणि मग 'अकाउंट'वर जा. उजवीकडे उत्पादनाचं नाव दिसेल. 'मायक्रोसॉफ्ट ३६५' दिसलं तर ती वर्गणी आहे किंवा तिचा चाचणीकाळ चालू आहे. 'ऑफिस होम २०२४' दिसलं तर प्रत तुमची, पण फक्त त्या मशीनपुरती. लॅपटॉप मोडीत काढला की तीही गेली.

ही प्रत सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. दुकानात घाई असते, म्हणून तिथला मुलगा स्वतःच्या किंवा ऐनवेळी बनवलेल्या खात्यानं काम उरकून टाकतो. पुढे विंडोज नव्यानं टाकायची वेळ आली की तो पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. हे काम घरी येऊन, घरातल्याच ईमेलनं करा आणि पासवर्ड डायरीत लिहून ठेवा.

आणखी दोन गोष्टी तपासायच्या. विंडोज 'एस मोड'मध्ये असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीही बसत नाही. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे, पण परत आत जाता येत नाही. आणि साध्या कामासाठी वर्डपॅड आहेच की, असं समजत असाल तर ते विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून काढून टाकलं आहे.

जुनी प्रत वापरत असाल तर तारखा बघा. ऑफिस २०१६ आणि २०१९ ची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २०२४ ची ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत. मुदत संपली म्हणून वर्ड उघडायचं थांबत नाही, पण अनोळखी मेलमधून आलेली फाइल अशा जुन्या प्रतीत उघडणं धोक्याचं. बाहेरून रोज फायली येणाऱ्या घरात २०१६ ठेवू नये.

ऑनलाइन बाजारात पाचशेच्या आत मिळणाऱ्या 'लाइफटाइम की' बऱ्याचदा कंपन्यांना घाऊक दिलेल्या परवान्यांतून फुटलेल्या असतात. आज चालते, उद्या रद्द होते, आणि तक्रार करायला विक्रेता सापडत नाही. त्या पैशांत काहीच न घेता फुकटचं पण कायदेशीर ऑफिस वापरणं शहाणपणाचं.

पायरी दुसरी: घरातल्या फायलींची यादी करा

कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात घरात कुणी कोणत्या फायली उघडल्या ते लिहा. प्रत्येकीसमोर 'कुणाकडून आली' आणि 'कुणाला गेली' हे दोन रकाने करा. साधारण असं काहीतरी निघतं: मुलीचं शाळेचं सादरीकरण, आईच्या बचत गटाचा हिशोब, बाबांचे ग्रामपंचायतीला किंवा बँकेला अर्ज, सोसायटीच्या देखभाल खर्चाचा तक्ता, एखादा बायोडाटा, लग्नाच्या आमंत्रणांची यादी, सीएनं पाठवलेली एक्सेल.

आता यादीतल्या फायलींचे तीन गट पाडा.

पहिला गट, ज्या छापूनच जातात किंवा पीडीएफ होऊन जातात. अर्ज, पत्र, बायोडाटा. समोरच्याला तुमचं सॉफ्टवेअर दिसतच नाही. इथे कोणतंही ऑफिस चालतं.

दुसरा गट, ज्या समोरचा उघडून बदलतो आणि परत पाठवतो. सोसायटीचा तक्ता, शाळेचं सादरीकरण, संस्थेचा अहवाल. इथे समोरचा काय वापरतो ते तुम्हीही वापरलेलं बरं. प्रत्येक ये-जा करताना थोडं थोडं बिघडत जातं: तक्त्याची रुंदी, क्रमांकांची यादी, चित्राची जागा. एकदा उघडून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं, पाचव्या फेरीला दस्तऐवज विस्कटलेला असतो.

तिसरा गट लहान, पण तो एकटाच निर्णय फिरवू शकतो: मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, असलेल्या एक्सेल फायली. आयकर विभागाच्या विवरणपत्रांच्या एक्सेल युटिलिटी याच जातीच्या, आणि त्या खऱ्या मायक्रोसॉफ्ट एक्सेलसाठीच लिहिलेल्या असतात. लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिसमध्ये त्या भरवशानं चालत नाहीत, ब्राउझरमधल्या फुकटच्या एक्सेलमध्ये तर मॅक्रो चालवताच येत नाहीत. अर्थात आपलं एकट्याचं साधं विवरणपत्र पोर्टलवर थेट भरता येतं, तेवढ्यासाठी एक्सेल घ्यायची गरज नाही. पण घरातलं कुणी लेखापालाचं काम करत असेल, किंवा नोकरीतून मॅक्रो असलेल्या फायली घरी येत असतील, तर पुढचं बरंचसं वाचायची गरज उरत नाही: त्या एका मशीनवर मायक्रोसॉफ्ट ठेवा. बाकीच्या मशीनवर काय ठेवायचं हा प्रश्न तरीही मोकळा राहतो, कारण घरात सगळीकडे एकच ऑफिस हवं असा काही नियम नाही.

एमएस-सीआयटी किंवा टायपिंगचा कोर्स करणारं कुणी घरात असेल तर तेही यादीत लिहा. २००१ पासून महाराष्ट्रातल्या कित्येकांची संगणकाशी ओळख एमएस-सीआयटीमधूनच झाली, आणि तिथे हात बसतो तो मायक्रोसॉफ्टच्या मेन्यूंवर. परीक्षा होईपर्यंत त्या व्यक्तीला दुसऱ्या ऑफिसवर सराव करायला लावू नका.

पायरी तिसरी: मराठीची परीक्षा

आधी हे ठरवा की तुमच्या जुन्या मराठी फायली युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आहेत की नाहीत. ओळखायची सोपी रीत: फाइलमधलं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा दिसला तर ती कृतिदेव, श्रीलिपी किंवा तशा जुन्या पद्धतीची फाइल. अशा फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नसेल तर कोणत्याही ऑफिसमध्ये कचराच दिसणार. त्याचा दोष लिब्रेऑफिसला देणारे बरेच भेटतात, तो त्याचा नाही.

जुन्या फॉन्टवरच काम चालू ठेवायचं असेल (छपाईच्या व्यवसायातल्या लोकांना कधीकधी पर्याय नसतो) तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. गूगल डॉक्समध्ये स्वतःचा फॉन्ट चढवता येत नाही, म्हणून तो पर्याय बाद. आणि वर्ड असो वा लिब्रेऑफिसमधलं रायटर, ऑटोकरेक्ट बंद करा. कृतिदेवमध्ये लहान 'डी' म्हणजे पूर्ण क आणि मोठा 'डी' म्हणजे अर्धा क. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं झालं की 'कागद'च्या सुरुवातीचा क मोडतो. सरळ अवतरणचिन्हं वळणदार करण्याची सोयही अशीच अक्षरं बदलते.

नवं सगळं लेखन मात्र युनिकोडमध्येच करा. त्यासाठी चाचणीची एक छोटी फाइल तयार करा. तिच्यात हे शब्द असू द्या: कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, ॲड., ऑक्टोबर, ज्ञानेश्वर, शृंगार, लालबाग, शाळा, आणि ₹ चिन्ह. अर्धा र म्हणजे 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एका कीबोर्डनं टाइप केलेली 'कुऱ्हाड' दुसऱ्या कीबोर्डनं शोधली तर सापडत नाही, ती यामुळे. म्हणून घरात सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवा. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कीबोर्ड मांडणी) येत असेल तर उत्तमच. येत नसेल तर विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

फॉन्टचं दुखणं त्याहून मोठं. वर्षानुवर्षं सरकारी आणि शाळेच्या मराठी फायली 'मंगल'मध्ये बनल्या. विंडोज १० पासून मंगल मूळ संचात नाही, तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक भागात गेला आणि त्याची जागा 'निर्मला यूआय'नं घेतली. त्यामुळे तीच फाइल एका मशीनवर चार पानांची दिसते आणि दुसऱ्यावर पाच. उपाय साधा: सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन हा संच टाकून घ्या. लिनक्सवर मंगल नसतोच, तिथे लोहित किंवा नोटो येतो. मी नवीन कामासाठी मुक्त परवान्याचेच फॉन्ट वापरायला सांगतो: मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी. हे गूगल डॉक्समध्येही आहेत आणि संगणकावरही फुकट टाकता येतात, म्हणजे दोन्हीकडे पान सारखं दिसतं.

वर्ड आणि लिब्रेऑफिसचं रायटर दोन्ही देवनागरीला 'कॉम्प्लेक्स' लिपी मानतात आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपासून वेगळा जपतात. स्टाइलमध्ये आकार १४ केला आणि मराठी १२ वरच अडून बसली, असं झालं तर फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा वेगळा रकाना बघा. लिब्रेऑफिसमध्ये आधी 'टूल्स', 'ऑप्शन्स' आणि भाषांच्या विभागात जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी निवडावी लागते. मग रायटरच्या पर्यायांत या लिपीचे मूळ फॉन्ट ठरवण्याचं पान दिसू लागतं. हे एकदाच करायचं असतं, पण न केल्यामुळे 'लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट येत नाही' असं म्हणून कंटाळलेले लोक पुष्कळ. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाऐवजी आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वळणाचे येतात.

बोलून टाइप करायचं असेल तर गूगल डॉक्स पुढे आहे. क्रोममध्ये 'व्हॉइस टायपिंग'ला मराठी भाषा निवडता येते. विरामचिन्हं हातानं घालावी लागतात, नावं चुकतात, पण ज्या आजोबांना कीबोर्ड नको आहे त्यांच्या आठवणी लिहून काढायला हे पुरेसं आहे.

पायरी चौथी: उमेदवार

लिब्रेऑफिसपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक घरांनी तिथूनच करावी असं माझं मत आहे. जर्मनीतल्या स्टारऑफिसपासून याची वंशावळ सुरू होते. सन कंपनीनं १९९९ मध्ये ते विकत घेतलं, पुढे त्यातूनच मुक्त स्रोतातलं ओपनऑफिस झालं, आणि सन ऑरॅकलच्या ताब्यात गेल्यावर २०१० मध्ये कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडून लिब्रेऑफिस काढलं. फुकट आहे, खातं लागत नाही, जाहिराती नाहीत, इंटरनेट नसतानाही सगळं चालतं, चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही दम लागत नाही. पडद्यावरचे मेन्यू मराठीतही करता येतात. रायटर (लेखन), कॅल्क (हिशोब), इम्प्रेस (सादरीकरण) यांच्यासोबत ड्रॉ येतं, त्यात पीडीएफमध्ये किरकोळ दुरुस्ती करता येते. २४.८ आवृत्तीपासून एक्सलूकअप, फिल्टर, सॉर्ट ही नवी सूत्रंही कॅल्कमध्ये आली. गंमत म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या एक्सेल २०१९ मध्ये ती नाहीत.

उणिवा स्पष्ट आहेत. सजवलेल्या पॉवरपॉइंट फाइलची मांडणी इम्प्रेसमध्ये हलते. नव्या वर्डचा मूळ फॉन्ट 'ॲप्टॉस' तुमच्याकडे नसल्यानं ओळी सरकतात (जुन्या कॅलिब्रीसाठी तेवढ्याच मापाचा 'कार्लिटो' सोबत येतो, म्हणून जुन्या फायली बऱ्या उघडतात). आणि मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावं-पत्ते एका साच्यात आपोआप भरणं. लग्नाच्या दोनशे पत्त्यांची लेबलं काढायची असतील तर वर्डमध्ये काम सरळ होतं, रायटरमध्ये आधी यादीला डेटाबेस म्हणून नोंदवावं लागतं. जमतं, पण पहिल्यांदा करताना डोकं दुखतं.

नावसाधर्म्यामुळे अजूनही लोक अपाची ओपनऑफिस उतरवतात. ते टाळा. त्याचा विकास रेंगाळलेला आहे आणि त्यात आजही डॉकएक्स या वर्डच्या नेहमीच्या प्रकारात फाइल जतन करता येत नाही.

मायक्रोसॉफ्ट तीन रूपांत मिळतं आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलं, ब्राउझरमधलं वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर फुकट, सोबत वनड्राइव्हवर ५ जीबी जागा. मूळ मांडणी न बिघडवता आलेली फाइल उघडायला, दोनचार दुरुस्त्या करायला हे झकास आहे, आणि पैसे भरण्याआधी सगळ्यांनी हे वापरून बघायलाच हवं. दुसरं, एकदाच पैसे देऊन घ्यायचं ऑफिस होम २०२४: वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, वननोट, एका संगणकासाठी. तिसरं, मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी. त्यातला फॅमिली प्रकार सहा जणांसाठी असतो आणि प्रत्येकाला वनड्राइव्हवर १ टीबी मिळतं. सहाही जणांची खाती वेगळी, एकाच्या फायली दुसऱ्याला दिसत नाहीत, ही शंका हमखास विचारली जाते. २०२५ पासून वर्गणीत कोपायलट हा एआय मदतनीस आला, फॅमिली प्रकारात मात्र तो ज्याच्या नावावर वर्गणी आहे त्याच्यापुरताच.

एकरकमी की वर्गणी, याचा हिशोब असा करा: एकरकमी किमतीला वर्गणीच्या वार्षिक रकमेनं भागा. उत्तर जितकं येईल तितकी वर्षं एकच मशीन, एकच माणूस वापरणार असेल तर एकरकमी परवडतं. घरात चार मशीन आणि फोटोंचा ढीग असेल तर फॅमिली स्वस्त पडतं, कारण तिथे तुम्ही खरं तर साठवणुकीची जागा विकत घेत असता आणि ऑफिस सोबत मिळतं. शेजारच्या किंवा माहेरच्या माणसांनी मिळून सहा जण भरले तर प्रत्येकी रक्कम किरकोळ होते. वर्गणी थांबली तर संगणकावरच्या फायली उडत नाहीत, पण संगणकावरचं वर्ड फक्त वाचायला आणि छापायला उरतं.

गूगल डॉक्स, शीट्स आणि स्लाइड्सची खरी ताकद एकाच फाइलवर अनेकांनी एकाच वेळी काम करण्यात. गणेशोत्सव मंडळाचा वर्गणीचा तक्ता, सहलीचा खर्च, भावंडांनी मिळून आईवडिलांच्या औषधांची ठेवलेली नोंद, यांना दुसरं काही शोधू नये. शेअर बाजारात रस असेल तर शीट्समधलं गूगलफायनान्स हे सूत्र भाव आपोआप आणतं. पण ते सूत्र एक्सेलमध्ये चालत नाही, क्वेरी आणि इम्पोर्टरेंजही नाहीत, म्हणून अशी शीट एक्सेल करून सीएला पाठवू नका. १५ जीबीची जागा जीमेल आणि फोटोंसोबत वाटलेली असते. ती भरली की नवी फाइल करता येत नाही आणि मेलही अडकतात. वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असतील तर ऑफलाइन सोय आधीच चालू करून ठेवा. नेट गेल्यावर ती चालू करता येत नाही.

चेन्नईच्या झोहोचे रायटर, शीट आणि शो वैयक्तिक वापरासाठी फुकट आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपलं कागदपत्रांचं काम झोहोवर नेत असल्याचं जाहीर केलं आणि नाव घरोघरी पोहोचलं. झोहोचं रायटर मांडणीच्या दृष्टीनं सुबक आहे. अडचण एवढीच की तुमच्या ओळखीतले बाकीचे लोक तिथे नसतील तर एकत्र काम करण्याचा फायदा मिळत नाही.

ओन्लीऑफिसची संगणकावरची आवृत्ती फुकट आहे आणि डॉकएक्स हाच तिचा मूळ प्रकार, त्यामुळे वर्डच्या फायलींची मांडणी ती बरी सांभाळते. मराठीसाठी नवीच आवृत्ती घ्या आणि वरच्या शब्दांची चाचणी आधी करा. डब्ल्यूपीएस ऑफिस चीनच्या किंगसॉफ्टचं. दिसायला मायक्रोसॉफ्टची हुबेहूब नक्कल, वापरायला हलकं, पण फुकटच्या प्रतीत जाहिराती आणि 'प्रीमियम घ्या'चा ससेमिरा. मी ते घरच्या मशीनवर ठेवत नाही. मॅक किंवा आयपॅड असेल तर पेजेस, नंबर्स, कीनोट सोबत येतातच. छापायच्या कामांना सुंदर, देवाणघेवाणीला गैरसोयीचे.

पायरी पाचवी: आपल्याच फायलींवर चाचणी

दुसऱ्या पायरीतल्या यादीतून तीन सगळ्यात अवघड फायली निवडा. साधी पत्रं नकोत, ती सगळीकडे चालतात. तक्ते आणि तळटिपा असलेला एक मराठी अहवाल, सूत्रं असलेला एक हिशोब, चित्रं आणि हालचाली असलेलं एक सादरीकरण. त्यांच्या प्रती काढा आणि मूळ फायलींना हात लावू नका.

प्रत्येक प्रत नव्या ऑफिसमध्ये उघडा. पानांची संख्या तीच आहे का? क्रमांकित याद्या जागेवर आहेत का? तक्त्याची खालची बेरीज तीच येते का? एक ओळ बदला, जतन करा आणि मग ज्याला ती फाइल पाठवायची आहे त्याच्याकडे पाठवून विचारा. शेवटची ही पायरी लोक गाळतात. फाइल तुमच्याकडे कशी दिसते याला फारसा अर्थ नाही, ती सोसायटीच्या सचिवांकडे कशी दिसते ते महत्त्वाचं.

हिशोबाच्या फाइलमध्ये लाख-कोटीचे स्वल्पविराम बघा. १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ दिसत असेल तर दोष ऑफिसचा नाही, प्रदेशाच्या सेटिंगचा आहे. एक्सेल हे विंडोजच्या 'रीजन'मधून घेतं, तिथे अंकांचे गट भारतीय पद्धतीचे निवडा. गूगल शीट्समध्ये 'फाइल', 'सेटिंग्ज' आणि 'लोकेल' भारत करा. कॅल्कमध्ये पेशीच्या फॉरमॅटला #,##,##० असा साचा दिला की झालं (शेवटचं शून्य इंग्रजी अंकातलं टाका). तारखांचंही तेच: अमेरिकेतल्या भाचीनं बनवलेल्या शीटमध्ये ५/४ म्हणजे चार मे असतो, आपल्याकडे पाच एप्रिल. शीट बनवतानाच लोकेल ठरवून घ्या, आकडे भरल्यावर दुरुस्त करणं कटकटीचं. आणि तक्त्यात आकडे इंग्रजीतच टाका. मराठी कीबोर्डवरून टाकलेले देवनागरी अंक काही वेळा मजकूर समजले जातात आणि बेरजेतून गुपचूप वगळले जातात.

पायरी सहावी: ठरल्यावर लगेच करायची कामं

लिब्रेऑफिस ठरलं तर ते अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. वर्डची सवय असलेल्यांसाठी 'व्ह्यू', 'यूजर इंटरफेस'मध्ये 'टॅब्ड' निवडा, मांडणी ओळखीची वाटते. फायली इतरांना बदलायला द्यायच्या असतील तर 'लोड/सेव्ह'च्या पर्यायांत कायमचा प्रकार वर्ड आणि एक्सेलचा करा. स्वतःपुरतं लेखन असेल तर ओडीटी या लिब्रेऑफिसच्या मूळ प्रकारातच ठेवा. तो २००६ पासून आयएसओ मानक आहे, आणि दोन प्रकारांत सतत ये-जा केल्यानं होणारी झीज टळते. त्याच पानावर 'बॅकअप कॉपी'ची खूणही करून टाका. छापायला पाठवायची पीडीएफ काढताना 'हायब्रिड पीडीएफ' निवडलं तर पीडीएफच्या पोटात मूळ फाइल राहते आणि पुढे लिब्रेऑफिसमध्ये ती पुन्हा बदलता येते. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

मायक्रोसॉफ्ट ठरलं तर आधीची क्रॅक प्रत पूर्ण काढा, संगणक बंद करून चालू करा, मगच नवी टाका. दोन्ही एकत्र राहिल्या की परवान्याचा गोंधळ होतो. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेऊ का विचारतं, त्याला न वाचता होकार देऊ नका. फुकटच्या ५ जीबीत लग्नाचे फोटो मावत नाहीत आणि मग रोज जागा भरल्याच्या सूचना येतात. मात्र वर्डमधलं 'ऑटोसेव्ह' वनड्राइव्हवरच्या फायलींनाच लागू होतं. संगणकावरच्या फाइलला कंट्रोल-एसची सवय हवीच.

कोणतंही ऑफिस असो, मराठी फाइल बदलण्यासाठी पाठवताना फॉन्ट आतच घाला: वर्डमध्ये 'ऑप्शन्स' आणि 'सेव्ह'मध्ये, रायटरमध्ये फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'फॉन्ट' पानावर ही खूण आहे. नुसती वाचायला पाठवत असाल तर पीडीएफ.

मुलांच्या शाळेच्या ईमेलवर मिळालेलं ऑफिस किंवा गूगल खातं घरच्या कागदपत्रांसाठी वापरू नका. दहावी झाली, शाळा सुटली, खातं बंद झालं की आतल्या फायलीही गेल्या. असं काही आधीच त्यात असेल तर शाळा सुटायच्या आत उतरवून घ्या. गूगलचं खातं असेल तर 'टेकआउट'मधून सगळं एकदम निघतं.

जुनं ऑफिस लगेच काढून टाकू नका. महिनाभर दोन्ही राहू द्या आणि फायली आपोआप नव्यात उघडतील असं ठेवा. आयकर विवरणपत्राचा जुलै किंवा सोसायटीच्या ताळेबंदाचा मार्चअखेर तोंडावर आला असेल तर बदल त्यानंतर करा.